गठ्ठ्यातला नकाशा वाचकाच्या हाती कसा पडतो: ग्रंथालयातल्या नकाशांच्या नोंदीविषयी

गणपतीत गावी आलेला चाकरमानी वाचनालयाच्या टेबलापाशी येतो आणि विचारतो, ‘आमच्या गावचो जुनो नकाशो गावतलो काय?’ कधी कॉलेजची एखादी विद्यार्थिनी येते. राजापूरच्या खाडीत गाळ कसा साचत गेला हे तिला बघायचं असतं, आणि त्यासाठी वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी शेजारी मांडायचे असतात. पाण्यावर काम करणारे कार्यकर्ते येतात, ते वहाळांचे उगम शोधत असतात. नकाशे पुष्कळदा आपल्याकडे असतातही. पण दाखल नोंदवहीत ‘नकाशे, १ गठ्ठा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तो गठ्ठा सुतळी बांधून कपाटावर ठेवलेला असतो. त्या एका ओळीवरून ग्रंथपालाला वाचकाला काहीच सांगता येत नाही.

कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. इतक्या वर्षांत वाचनालयांकडे पुस्तकांबरोबर नकाशेही येत राहतात: कुणाच्या घरातली जुनी कागदपत्रं, एखाद्या शाळेतले भिंतीवरचे नकाशे, कुणा निवृत्त बंदर कर्मचाऱ्याने आणून दिलेले सागरी तक्ते. पुस्तकाची नोंद कशी करायची हे ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षापासून हातात बसलेलं असतं. नकाशा समोर आला की तो हात अडखळतो. त्याचं कारण समजून घेतलं तर पुढचं काम अवघड नाही.

पुस्तकाला शीर्षकपान असतं. नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं एका जागी. नकाशाला असं पान नसतं. त्याची माहिती चारही समासांत विखुरलेली असते: वर मधोमध नाव, उजव्या कोपऱ्यात पत्रकाचा (म्हणजे मालिकेतल्या एका सुट्या नकाशाचा) क्रमांक, खाली प्रमाणपट्टी, डाव्या बाजूला बारीक अक्षरांत सर्वेक्षणाचं साल, कधी मागच्या बाजूला शिक्का. आणि त्याहून मोठा फरक वाचकाच्या बाजूने आहे. पुस्तक मागणारा लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव सांगतो. नकाशा मागणारा जागेचं नाव सांगतो. नकाशा कुणी काढला याच्याशी त्याला सहसा देणंघेणं नसतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: नकाशात नेमका कुठला प्रदेश आहे, तो किती बारकाईने दाखवला आहे आणि तो केव्हाचा आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जिच्यात नाहीत ती नोंद कितीही सुवाच्य असली तरी निरुपयोगी.

जगभरच्या ग्रंथालयांनी याच तीन प्रश्नांभोवती नियम बांधले आहेत. पूर्वी एएसीआर२ हे नियम होते, त्यात नकाशांसाठी तिसरं प्रकरण राखलेलं होतं. २०१० पासून त्यांच्या जागी आरडीए हे नवे नियम आले. संगणकावर नोंद करताना मार्क २१ ही मांडणी वापरतात. तिच्यात प्रत्येक माहितीला तीन आकडी क्रमांकाचा रकाना असतो. २४५ म्हणजे शीर्षक आणि ३०० म्हणजे वस्तूचं वर्णन, हे पुस्तकांमुळे सगळ्यांना पाठ असतात. नकाशांसाठी खास आहेत ते ०३४ आणि २५५. आपल्याकडची कोहासारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली हे रकाने दाखवते, पण पुस्तकांच्या साच्यात ते बहुधा लपवलेले असतात. नकाशासाठी वेगळा साचा करून ते उघडे ठेवले की अर्धं काम झालं.

प्रमाण: सगळ्यात आधी हेच बघा

शाळेत शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण शिकवतात. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत, नोंदवायचं ते अंकप्रमाण. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पन्नास हजार सेंटिमीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर. जुन्या नकाशांवर शब्दप्रमाण असतं, उदाहरणार्थ ‘एका इंचास एक मैल’. मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून अशा नकाशाचं अंकप्रमाण १:६३,३६०. ‘एका इंचास चार मैल’ असेल तर १:२,५३,४४०. मूळ शब्द टिपेत ठेवायचे आणि रकान्यात आकडा भरायचा. असं केलं की इंग्रजी अमदानीतला आणि आजचा नकाशा वाचकाला एकाच मापाने ताडून बघता येतो.

इथे गावनकाशाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण कोकणात सर्वांत जास्त मागणी त्यालाच असते आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जायची. तिचे सोळा भाग, एकेका भागाला ‘आणा’ म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे, त्यामागची साखळी मात्र विसरली गेली. आता गावनकाशावर ‘एका इंचास २० साखळ्या’ असं प्रमाण दिसलं तर हिशेब असा: २० गुणिले ३३ म्हणजे ६६० फूट, त्याचे ७,९२० इंच. प्रमाण झालं १:७,९२०. सर्वेक्षणाच्या इंग्रजी पुस्तकांत साखळी म्हटली की ६६ फुटांची गंटर साखळी गृहीत धरलेली असते. ती धरून हिशेब केला तर उत्तर १:१५,८४० येतं आणि अंतरं दुप्पट होतात. एखाद्याची वाडी रस्त्यापासून शंभर मीटरवर आहे की दोनशे, असा हा फरक. तपासायचा मार्ग सोपा आहे. नकाशातल्या एका मोठ्या शेताचं क्षेत्रफळ मोजायचं आणि सात-बारावरच्या क्षेत्राशी जुळवायचं. जुळलं तर साखळी बरोबर धरली आहे. चौपट आलं तर ६६ फुटांची धरली गेली.

दुसरा सापळा झेरॉक्सचा. मोठा नकाशा मशीनमध्ये मावत नाही म्हणून लहान करून काढतात. त्या प्रतीवर ‘१:५०,०००’ हे छापील अक्षर तसंच राहतं, पण ते आता खोटं असतं. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आक्रसतं, म्हणून ते खरं राहतं. समोर प्रत असेल तर मी नेहमी पट्टी घेऊन रेषाप्रमाण मोजते आणि छापील आकड्याशी ताडून बघते. दोन्ही जुळत नसतील तर मोजून आलेलं प्रमाण ‘सुमारे’ लावून लिहायचं आणि छापील आकडा का चालत नाही ते टिपेत सांगायचं.

प्रमाण छापलेलंच नसेल तर? मग नकाशातल्या दोन ओळखीच्या ठिकाणांमधलं सरळ अंतर मोजा. रत्नागिरी शहर आणि मालवण यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे. तुमच्या नकाशावर ते २१ सेंटिमीटर भरलं तर एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर पडले, म्हणजे प्रमाण साधारण १:५,००,०००. इथे रस्त्याचं अंतर चालत नाही. कोकणातला रस्ता खाड्यांना आणि घाट्यांना वळसे घालत जातो, त्याचे किलोमीटर धरले तर प्रमाण भलतंच निघेल. सरळ अंतर एखाद्या विश्वासू नकाशावरून घ्या.

प्रमाणाचा अंदाजही करता येत नाही असे नकाशे असतात, आणि तेही नकाशेच. १५३८–३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना जोआँव द कास्त्रो या पोर्तुगीज दर्यावर्दीने वाटेतल्या बंदरांची चित्रं तयार केली. त्यांत दाभोळ आहे, चौल आहे. किनारा, टेकड्या, गलबतं, सगळं उंचावरून बघितल्यासारखं. मोडी लिपीतल्या काही जुन्या आराखड्यांत गढी, देऊळ आणि विहीर समोरून दिसतात तशी उभी काढलेली असतात आणि अक्षरं चारही बाजूंना तोंड करून लिहिलेली असतात. अशा वेळी ‘प्रमाण दिलेलं नाही’ किंवा ‘प्रमाणबद्ध नाही’ असं स्पष्ट लिहायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना बघून नोंद करणारा विसरला की नकाशावरच प्रमाण नाही, हे वाचकाला कळत नाही.

प्रदेश: चौकटीचे चार आकडे

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. त्यांच्या स्थलनिर्देशक नकाशांना जे क्रमांक असतात ते एकदा समजले की नकाशा उघडून न बघताही तो कुठला ते सांगता येतं. जुन्या मालिकेत अख्खा देश चार अंश बाय चार अंशांच्या चौकटींत विभागला आहे. कोकणाचा बराचसा भाग ४७ क्रमांकाच्या चौकटीत पडतो: उत्तर अक्षांश १६ ते २०, पूर्व रेखांश ७२ ते ७६. या चौकटीचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं. अक्षरं वायव्य कोपऱ्यातून सुरू होतात, वरून खाली उतरतात, मग शेजारच्या रांगेत पुन्हा वरून खाली. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १५ कलांचे (एका अंशात साठ कला, म्हणजे मिनिटं) सोळा तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे, क्रम तोच.

मालवणचं पत्रक घेऊ. क्रमांक ४७ एच/८. एच म्हणजे अक्षांश १६ ते १७, रेखांश ७३ ते ७४. त्यातला आठवा तुकडा म्हणजे दुसऱ्या रांगेतला सर्वांत खालचा: रेखांश ७३ अंश १५ कला ते ७३ अंश ३० कला, अक्षांश १६ अंश ते १६ अंश १५ कला. हे चार आकडे २५५ रकान्यात माणसांना वाचण्यासाठी लिहायचे आणि ०३४ मध्ये संगणकासाठी, पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण या क्रमाने: ई ०७३१५००, ई ०७३३०००, एन ०१६१५००, एन ०१६००००. अंशाला तीन आकडे, कलेला दोन, विकलेला (सेकंदाला) दोन. एवढंच.

आता वेंगुर्ले बघा. मालवणहून फार लांब नाही, जिल्हाही एकच. पण मालवणच्या थोडं दक्षिणेला १६ अंशांची रेषा जाते, त्यामुळे वेंगुर्ल्याचं पत्रक ४८ ई/९. ‘सिंधुदुर्गचे नकाशे’ म्हणून ४७ चा गठ्ठा उघडून बसणाऱ्याला वेंगुर्ले आणि सावंतवाडी कधीच सापडायची नाहीत. म्हणूनच पत्रकाच्या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या नावावर विसंबून चालत नाही, चौकटीचे आकडे लागतातच. शिवाय २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी वेगळी खुली मालिका निघाली आणि तिचे क्रमांक जुन्यांपेक्षा निराळे आहेत. जुनं आणि नवं पत्रक एकाच जागेचं आहे हे दोन्ही नोंदींतले अक्षांश-रेखांशच सांगतात.

किनाऱ्यालगतच्या सविस्तर पत्रकांवर पुष्कळ वर्षं निर्बंध होते. अशा पत्रकांवर ‘रिस्ट्रिक्टेड’ असं छापलेलं आढळतं. कोकणातल्या वाचनालयांत आपल्याच किनाऱ्याचे चांगले नकाशे इतके कमी का, याचं एक कारण हे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीचे नियम बरेच सैल केले. तरी जुन्या पत्रकावर असा शब्द असेल तर तो नोंदीत उतरवायचा. तो नकाशाच्या इतिहासाचा भाग आहे.

नावांचा गुंता

चौकटीचे आकडे दिले तरी नाव लागतंच, कारण वाचक नावानेच विचारतो. आणि कोकणात एका जागेला किती नावं! विजयदुर्ग इंग्रजी कागदांत ‘घेरिया’ म्हणून येतो. १७५६ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्या मोहिमेचे आराखडे शोधायचे तर याच नावाने शोधावे लागतात. बाणकोटचा हिम्मतगड ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. सुवर्णदुर्गचं ‘सेव्हर्नद्रुग’, दाभोळचं ‘दाबुल’, जयगडचं ‘झैघर’. कुलाबा म्हणजे अलिबागचा किल्लाही, मुंबईतला भागही आणि १९८१ पर्यंत अख्खा जिल्हासुद्धा. आजचा रायगड जिल्हा तोच.

यावरचा उपाय ग्रंथालयांना ठाऊक आहे: एक प्रमाण नाव ठरवायचं आणि बाकीची सगळी नावं त्याच्याकडे वळवायची. विषयशीर्षकात ‘विजयदुर्ग’ येईल. नकाशावर ‘घेरिया’ छापलं असेल तर शीर्षक जसंच्या तसं ‘घेरिया’ उतरवायचं, दुरुस्त करायचं नाही. दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला तोच नकाशा मिळायला हवा. एकाच नावाची दोन गावं असतील तर तालुका आणि जिल्हा जोडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. पाली सुधागडात आहे, रत्नागिरी तालुक्यातही आहे. नांदगाव मुरूडजवळ आहे, कणकवलीतही आहे. गावनकाशाच्या नोंदीत मी भूमापन क्रमांक कुठपासून कुठपर्यंत आहेत तेही लिहिते, कारण मोठ्या गावाचे नकाशे दोन-तीन तुकड्यांत असतात आणि वाचकाला त्यातला एकच हवा असतो.

नकाशा केव्हाचा?

एका नकाशावर तीन-तीन सालं असतात. सर्वेक्षण कधी झालं, आवृत्ती कधीची, छपाई कधीची. छपाईच्या सालापेक्षा सर्वेक्षणाचं साल पुष्कळ जुनं असू शकतं. वाचकाला जमीन कोणत्या वर्षी तशी होती हे हवं असतं, त्याला कागद कधी छापला याचा उपयोग नाही. म्हणून प्रकाशनाच्या रकान्यात छपाईचं साल आणि टिपेत सर्वेक्षणाचं, असं दोन्ही लिहायचं.

साल छापलेलंच नसेल तर नकाशाच बोलतो. हा भाग मला या कामात सगळ्यात आवडतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. तेव्हा ज्या नकाशावर मालवण रत्नागिरी जिल्ह्यात आहे तो त्याआधीचा. सीमेवर ‘मुंबई राज्य’ असेल तर १९६० च्या आधीचा. सावंतवाडी किंवा जंजिरा स्वतंत्र संस्थान म्हणून वेगळ्या रंगात दाखवलं असेल तर १९४८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती विलीन झाली. गोवा पोर्तुगीजांचा असेल तर डिसेंबर १९६१ च्या आधीचा. कोकण रेल्वेची रेषा सलग रोह्यापासून खाली गेलेली दिसली तर १९९८ च्या आसपासचा किंवा नंतरचा. पालघर वेगळा जिल्हा असेल तर ऑगस्ट २०१४ नंतरचा. मैल आहेत की किलोमीटर, हाही एक धागा. समजा एका रस्तेनकाशावर सिंधुदुर्ग आहे पण रेल्वे नाही. मग नोंदीत ‘१९८१ ते १९९८ दरम्यान?’ असं चौकोनी कंसात लिहायचं आणि कशावरून ठरवलं ते एका ओळीत सांगायचं. एक काळजी घ्यावी. प्रस्तावित रेल्वे तुटक रेषेने आधीही दाखवली जायची. तुटक रेषा म्हणजे झालेली रेल्वे नव्हे.

सागरी तक्ते

कोकणात नकाशांच्या गठ्ठ्यात सागरी तक्ते निघाले नाहीत तरच नवल. यांची नोंद जमिनीच्या नकाशासारखी करून भागत नाही. तक्त्यावर समुद्रात पसरलेले आकडे म्हणजे खोली, पण खोली कशात? जुन्या तक्त्यांत ती वावांत असते. एक वाव म्हणजे सहा फूट. ‘५’ हा आकडा वावांत असेल तर नऊ मीटरांहून थोडी जास्त खोली, मीटरांत असेल तर पाच मीटरच. उथळ खाडीत होडी घालणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जीवघेणा आहे. म्हणून ‘खोली वावांत’ किंवा ‘खोली मीटरांत’ ही टीप सक्तीची समजावी. तक्त्याचं प्रमाणही ठरावीक अक्षांशापुरतं खरं असतं, कारण मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या या पद्धतीत) उत्तरेकडे जाताना प्रमाण बदलत जातं. तक्त्यावर तो अक्षांश दिलेला असतो, तोही उतरवायचा.

तक्त्यांवर शाईने केलेल्या हाताच्या दुरुस्त्या सापडतात. बोया हलवला, दिवा बदलला, नवा खडक सापडला, की नाविकांना सूचना निघतात आणि त्यांनुसार तक्त्यावर खुणा केल्या जातात. या खुणा म्हणजे कुणी केलेली खाडाखोड नव्हे. त्या फक्त आपल्याच प्रतीवर असतात, म्हणून ‘या प्रतीवर हस्तलिखित दुरुस्त्या’ असं लिहावं. आणि जुन्या तक्त्याच्या नोंदीत ‘जलवाहतुकीसाठी वापरू नये’ हे वाक्य घालायला विसरू नये. खाड्या भरत चालल्या आहेत. पूर्वी राजापूर शहरापर्यंत गलबतं जात. जुना तक्ता बघून आज कुणी तसं जायला निघालं तर तो गाळात रुतेल.

बाकीचे रकाने

शीर्षक: नकाशावर दोन-तीन असतील तर चौकटीच्या आत किंवा वर असलेलं मुख्य धरावं. घडीच्या वेष्टणावरचं वेगळं असेल तर पर्यायी शीर्षक म्हणून जोडावं. कर्ता: सरकारी मोजणीत ती संस्थाच कर्ता. माप: आतल्या चौकटीचं घ्यायचं, कागदाचं नाही, आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरांत. याने एक पडताळाही होतो. ४७ एच/८ ची चौकट १:५०,००० या प्रमाणावर साधारण ५५ बाय ५३ सेंटिमीटर भरायला हवी. त्याहून बरीच लहान भरली तर समोर झेरॉक्स आहे. रंग, डोंगर कसे दाखवलेत, समोच्च रेषांनी की रेघारेघांनी, कडेला एखाद्या शहराचा उपनकाशा आहे का, हेही थोडक्यात लिहावं.

वर्गीकरणात फार वेळ घालवू नये. ड्यूई पद्धतीत नकाशांना ९१२ आणि पुढे प्रदेशाचा आकडा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत जी वर्ग, भारत ७६५० पासून, आणि पुढे विषय, नैसर्गिक प्रदेश, राज्य, शहर असा क्रम. लहान वाचनालयात नकाशे कपाटात आकारानुसारच ठेवावे लागतात, त्यामुळे वर्गांकापेक्षा खण क्रमांक महत्त्वाचा.

एकाच मालिकेची पुष्कळ पत्रकं असतील तर प्रत्येकाची वेगळी नोंद करायची की सगळ्यांची मिळून एक? माझं मत असं: मालिकेची एक नोंद करा, तिच्यासोबत अनुक्रम नकाशा (मालिकेतल्या सगळ्या पत्रकांच्या चौकटी दाखवणारा) ठेवा आणि आपल्याकडे असलेल्या चौकटी त्यावर पेन्सिलने रंगवा. वाचक बोट ठेवून सांगतो, हा चौकोन हवा. आपल्या जिल्ह्याच्या पत्रकांची मात्र वेगळी नोंद हवीच. आणि ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी मार्कची वाट बघत बसू नये. वहीत ठिकाण-तालुका-जिल्हा, प्रमाण, साल, माप आणि खण, असे पाच रकाने आखले तरी वाचकाचं काम होतं. पुढे कधी संगणक आला की हीच वही रकान्यांत चढवता येते.

हवा, पाणी, घडी

आपल्या हवेत कागद वर्षातले चार महिने ओला असतो. नकाशा घडी घालून ठेवला की घडीच्या रेषेवर बुरशी आधी धरते आणि फाटतोही तिथेच. सपाट खणात ठेवावा. तेवढी जागा नसेल तर जाड नळीवर बाहेरून गुंडाळावा, नळीच्या आत कोंबू नये. लोखंडी खण गंजतात, त्यांच्या तळाशी कागद घालावा. सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नये, ते पुन्हा सुटत नाही. कापडावर चिकटवलेला नकाशा असेल तर कसर कापडाच्या बाजूने खाते, म्हणून मागची बाजूही बघत जावी. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे आराखडे असतात, ते उजेडात फिके पडतात. आणि खालच्या खणात काहीच मोलाचं ठेवू नये. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. निदान नोंदवहीची एक प्रत तरी दुसऱ्या इमारतीत असावी, म्हणजे काय गेलं ते तरी कळेल.

स्कॅन करणार असाल तर समासासकट करा. पडद्यावर नीटनेटकं दिसावं म्हणून चौकटीबाहेरचं छाटून टाकायची सवय आहे, आणि साल, प्रमाणपट्टी, छपाईचा क्रमांक सगळं नेमकं तिथेच असतं. स्कॅनच्या नोंदीत मूळ नकाशाचं प्रमाण लिहायचं, पडद्यावर तो केवढा दिसतो याला अर्थ नाही. ०३४ चे चार आकडे भरलेले असतील तर पुढे कधीही संगणक नोंदी थेट नकाशावर मांडू शकतो आणि वाचक आपल्या गावावर बोट ठेवून शोधू शकतो.

जमिनीच्या वादासाठी आलेल्या माणसाला एक गोष्ट आधीच सांगावी लागते: वाचनालयातल्या गावनकाशाची प्रत पुरावा म्हणून चालत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्यावी. हे नोंदीतच लिहून ठेवलं तर गैरसमज होत नाहीत.

आणि गावातली जाणती माणसं नकाशा बघायला आली तर त्यांच्याजवळ बसावं. ही अमुक पाखाडी, इथे पूर्वी खाजण होतं, हा वहाळ बांध घातल्यावर वळवला, असं ती सहज सांगून जातात. सर्वेक्षण करणाऱ्याने न लिहिलेली ही माहिती ५०० क्रमांकाच्या रकान्यात टीप म्हणून घालता येते. कोणत्या तारखेला आणि कोणत्या वाडीतल्या माणसाने सांगितलं तेही त्यासोबत लिहावं. नकाशावर मात्र पेन्सिलनेही काही लिहू नये.